ब्रिओनेचे पांढरे रस्ते

फ्रान्समध्ये सायकलने फिरायचे म्हटले की बहुतेकांच्या मनात दोनच गोष्टी येतात: जुलै महिन्यात टीव्हीवर दिसणारी ‘टूर द फ्रान्स’ ही जीवघेणी शर्यत, नाही तर ल्वार नदीकाठच्या राजवाड्यांना जोडणारी, पर्यटन खात्याने आखून दिलेली सपाट वाट. दोन्हींबद्दल माझी काही तक्रार नाही. पण ल्योंला राहायला आल्यापासून माझ्याकडे पुण्या-मुंबईचे जे पाहुणे येतात आणि ‘एखादा दिवस सायकल चालवायची आहे, कुठे जाऊ?’ असे विचारतात, त्यांना मी यांपैकी कुठेच पाठवत नाही. मी त्यांना ब्रिओनेला पाठवते. हे नाव त्यांनी कधी ऐकलेले नसते, आणि खरे सांगायचे तर माझ्या ल्योंमधल्या शेजाऱ्यांनाही तो प्रदेश नकाशावर पटकन दाखवता येत नाही.

ब्रिओने म्हणजे बुर्गोन्यचा दक्षिणेकडचा एक कोपरा, सोन-ए-ल्वार या जिल्ह्याचा नैर्ऋत्य भाग. पश्चिमेच्या सीमेवर ल्वार नदी आहे, पण ही राजवाड्यांपर्यंत पोहोचलेली ऐटबाज ल्वार नव्हे. इथे ती अजून वाळूच्या पट्ट्यांतून वाट काढत असते. मधून आर्कोंस नावाची छोटी नदी वळणे घेत जाते. बाकी सगळ्या लाटेसारख्या टेकड्या, त्यांच्यावर कुरणे, कुरणांभोवती कमरेइतक्या छाटलेल्या वई, मध्येच एखादा ओक, आणि त्याच्या सावलीत बसलेल्या शारोले जातीच्या पांढऱ्याशुभ्र, अंगाने दांडग्या गाई. या गाई दुधासाठी नव्हे, मांसासाठी पाळतात, आणि तिथल्या लोकांचे सगळे अर्थकारण त्यांच्यावर चालते. बुर्गोन्यचे नाव जगभर ज्या वाइनमुळे झाले त्या वाइनचे नावाजलेले मळे इथे नाहीत. त्यामुळे वाइन चाखत फिरणाऱ्या बसगाड्याही इथे येत नाहीत, आणि सायकलवाल्याच्या दृष्टीने ही फार मोठी सोय आहे.

आणि या टापूत, एका दिवसात सायकलने गाठता येईल अशा अंतरावर, अकराव्या-बाराव्या शतकांत बांधलेली रोमनेस्क, म्हणजे जाड भिंती आणि अर्धगोल कमानींच्या शैलीची इतकी चर्चेस आहेत की यादी करायला बसलो तर एकेका चर्चला एक वाक्यसुद्धा मिळणार नाही.

आधी रस्त्यांविषयी. मिशलँ या टायर कंपनीच्या रस्त्यांच्या नकाशावर मोठे रस्ते लाल, त्यांच्याखालचे पिवळे आणि उरलेले पांढरे असतात. लाल आणि पिवळे मोटारींसाठी सोडून द्यावेत आणि पांढऱ्यांवरून जावे, एवढा एकच नियम मी पाळते. काही रस्त्यांच्या कडेने हिरवी रेघ असते, म्हणजे रस्ता निसर्गरम्य आहे असे नकाशावाल्यांचे मत असते. पण ते मत मोटारसायकलवाल्यांनीही वाचलेले असते आणि रविवारी दुपारी त्याचा प्रत्यय येतो. रस्त्यावर बारीक बाण काढलेले दिसले तर मात्र डोळे उघडे ठेवावेत: एक बाण म्हणजे पाच ते नऊ टक्के चढ, दोन म्हणजे नऊ ते तेरा, आणि तीन बाण म्हणजे तेराच्याही वर. ब्रिओनेत तीन बाण क्वचितच लागतात. इथला चढ लांब नसतो. तो आखूड असतो, पण संपला म्हणेपर्यंत पुढचा आलेला असतो.

हे पांढरे रस्ते इतके का आहेत, हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तो एका वाडीपाशी. तीन घरांची वाडी, त्यांतल्या दोन घरांच्या खिडक्या बंद, आणि तिथपर्यंत जाणारा रस्ता मात्र आमच्या गावाकडच्या जिल्हा मार्गालाही लाजवेल असा डांबरी. फ्रान्समध्ये एकूण सुमारे अकरा लाख किलोमीटर रस्ते आहेत आणि त्यांतले सुमारे सात लाख किलोमीटर कम्यूनच्या, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायती आणि नगरपालिकांच्या मालकीचे आहेत. कम्यूनच मुळी पस्तीस हजारांच्या आसपास. २१ मे १८३६ च्या कायद्याने गावागावांना जोडणाऱ्या वाटा सांभाळण्याची जबाबदारी प्रत्येक कम्यूनवर टाकली गेली आणि त्यासाठी गावकऱ्यांकडून वर्षाला तीन दिवसांपर्यंत श्रमदान किंवा त्याबदली पैसे घेण्याची मुभा देण्यात आली. त्या काळी खेडी माणसांनी भरलेली होती. प्रत्येक वाडीतून बाजाराला, चर्चला, पाणवठ्याला आणि दफनभूमीला जाणारी वाट हवी होती, आणि ती झाली. पुढच्या दीडशे वर्षांत माणसे ल्योंला, पॅरिसला, सेंत-एतिएनच्या कारखान्यांत आणि खाणींत निघून गेली. वाटा कुठे जाणार? त्या राहिल्या, रुंद झाल्या, डांबरी झाल्या.

तेव्हा मी ज्या शांततेसाठी ल्योंहून गाडी पकडून येते ती शांतता निसर्गाने दिलेली नाही. शंभर जणांसाठी बांधलेल्या रस्त्यावर आज दहा जण राहतात, म्हणून तो शांत आहे. गावात शिरताच दिसणाऱ्या पहिल्या महायुद्धाच्या स्मारकावर कोरलेली नावे वाचली की हे लगेच ध्यानात येते. अशी स्मारके युद्धानंतर चार-पाच वर्षांत जवळजवळ प्रत्येक कम्यूनने उभारली, आणि एकाच आडनावाचे तिघे-चौघे एका खाली एक दिसले की गावाचे काय झाले असेल ते सांगावे लागत नाही.

चर्चेसचीही गोष्ट अशीच, फक्त सातशे वर्षे आधीची. इथून पूर्वेला जेमतेम दिवसभराच्या सायकल-अंतरावर क्लुनी आहे. ९१० मध्ये आकितेनच्या ड्यूक गियोमने तिथे मठ स्थापन केला आणि दोनशे वर्षांत तो पश्चिम युरोपातला सर्वांत बलाढ्य मठ झाला. त्याच्या भरभराटीच्या काळातला मठाधिपती ह्यूग हा ब्रिओनेचा, सम्यूर-आं-ब्रिओने गावच्या सरदार घराण्यातला. १०२४ मध्ये जन्मलेला, आणि पंचविसाव्या वर्षी मठाधिपती झाल्यावर पुढची साठ वर्षे, म्हणजे १०४९ ते ११०९, गादीवर राहिलेला. १०८८ मध्ये त्याने क्लुनीचे तिसरे चर्च बांधायला घेतले. पूर्ण झाल्यावर त्याची लांबी १८७ मीटर भरली, आणि रोममधले सेंट पीटर्स नव्याने बांधले जाईपर्यंत ख्रिस्ती जगात त्याहून मोठे चर्च नव्हते. एवढे मोठे काम जवळपास चालू असेल तर त्या भागातल्या पाथरवटांना, सुतारांना, गवंड्यांना काय येत असेल याची कल्पना करता येते. ब्रिओनेतल्या खेड्यांना त्या हातांचा लाभ झाला. सरदारांनी मठांना जमिनी दिल्या, मठांनी शाखा काढल्या, शाखांनी चर्च बांधले, आणि डोंगरातला पिवळसर चुनखडीचा किंवा तांबूस वाळूचा दगड, जो जिथे मिळेल तो, त्यात वापरला गेला.

क्लुनीचे पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर मठ विकला गेला आणि १८२३ पर्यंत त्या चर्चचा दगड-दगड काढून नेला गेला. आज दक्षिणेकडची एक बाजू आणि तिच्यावरचा अष्टकोनी मनोरा उरला आहे. बाकीच्या जागेवर नेपोलियनच्या काळात सरकारी घोड्यांची पागा उभी राहिली. माझे मत विचाराल तर क्लुनी आधी पाहू नये. आधी ब्रिओने पाहावे. मूळ गेले पण त्याच्या हाताखाली शिकलेल्यांचे काम राहिले, ते खेड्यांत, आणि तेच जास्त जिवंत आहे. मग क्लुनीला गेल्यावर त्या मोकळ्या जागेत काय असायला हवे होते ते तरी डोक्यात असते.

ल्योंहून पारे-ल-मोनियालला एक धीमी लोकल गाडी जाते; बोजोलेच्या टेकड्यांतून, बोगद्यांतून, दोन तास घेत. तिच्यात सायकल ठेवायला जागा असते. पारेचे मोठे चर्च क्लुनीची लहान आवृत्ती म्हणून प्रसिद्ध आहे, आणि १६७३ पासून मार्गेरित-मारी आलाकोक या जोगिणीला तिथे येशूच्या हृदयाचे दर्शन झाल्याच्या श्रद्धेमुळे ते तीर्थक्षेत्रही आहे. तिथे यात्रेकरू असतात, मेणबत्त्यांची दुकाने असतात, बसगाड्या असतात. मी तिथे कॉफी पिते आणि दक्षिणेला निघते.

पहिला थांबा मोंसो-लेत्वाल. गाव एवढेसे की वेग कमी करेपर्यंत संपून जाईल. चर्च बुटके, साधे, एका बाजूला झुकल्यासारखे. पण पश्चिमेच्या दारावरची अर्धवर्तुळाकार शिल्पपट्टी आणि तिच्याखालची आडवी पट्टी ही दोन्ही एकाच अखंड दगडातून काढलेली आहेत. वर ख्रिस्त स्वर्गाला निघाला आहे, दोन देवदूतांनी त्याची प्रभावळ धरली आहे, आणि खाली मेरी आणि प्रेषित हे पाहत उभे आहेत. उभे म्हणजे काय, त्यांच्यात नुसती चुळबुळ चालली आहे; कुणी मान मागे टाकली आहे, कुणी शेजाऱ्याला बोट दाखवतो आहे, कपड्यांच्या चुण्या वाऱ्यात असल्यासारख्या फिरल्या आहेत. ज्याने हे कोरले त्याचे नाव कुणालाच ठाऊक नाही.

तिथून आर्कोंसच्या काठाने गेले की आंझी-ल-द्यूक. या चर्चचा तीन मजली, बहुकोनी मनोरा मला या सगळ्या प्रदेशातला सर्वांत देखणा वाटतो. तो जवळ येण्याआधी कितीतरी वेळ दिसत असतो. वळणावर दिसतो, उतारावर वईआड जातो, पुढच्या चढावर पुन्हा दिसतो आणि दर वेळी थोडा वेगळ्या बाजूला सरकलेला असतो. मोटारीतून गेलो की आपण चर्चपाशी पोहोचतो आणि मग त्याच्याकडे बघतो. सायकलवरून उलट होते: मनोरा आधीपासून आपल्याबरोबर असतो, आणि पायथ्याशी आल्यावर तो वर बघावा लागतो एवढाच काय तो फरक. ही चर्चेस पायी चालणाऱ्यांसाठी बांधलेली होती. एका चर्चपासून दुसऱ्या चर्चपर्यंतचे अंतर एक-दोन तासांच्या चालीचे असते. सायकलने ते पाव ते अर्ध्या तासाचे होते, म्हणजे धाप लागण्याइतके मोठे आणि कंटाळा न येण्याइतके लहान. टेकडीच्या माथ्यावर देऊळ किंवा चर्च का बांधतात याची धार्मिक आणि लष्करी कारणे पुस्तकांत मिळतील. शेवटचे दोनशे मीटर सर्वांत लहान गिअरवर चढून गेलेल्या माणसाला आणखी एक कारण सुचते: वर पोहोचलेल्याला बसावेसे वाटलेच पाहिजे.

आंझीच्या मठाचे एक कोरीव दार आज जागेवर नाही. क्रांतीनंतर मालमत्ता खासगी हातांत गेली, दगड विकले गेले, आणि ते दार आता पारेच्या संग्रहालयात आहे. सकाळी निघण्याची घाई नसेल तर ते तिथे पाहून घ्यावे आणि मग इथे येऊन रिकामी जागा पाहावी.

पुढचे गाव मार्सिन्यी. तिथे सोमवारी सकाळी बाजार असतो. बाकीच्या दिवशी बारा ते दोन या वेळात काहीच मिळत नाही, हे पक्के ध्यानात ठेवावे. फ्रान्सच्या खेड्यांत दुपारची सुट्टी ही श्रद्धेची बाब आहे. अलीकडे काही गावांत बेकरी बंद पडल्यावर चौकात पावाचे यंत्र बसवले आहे. नाणी टाकली की खालच्या फटीतून लांबुडका पाव बाहेर येतो. तो पाव काही वाईट नसतो, पण रांगेत उभे राहून मिळणाऱ्या गप्पा त्यात नसतात. पाण्याची मात्र चिंता नको. दफनभूमीच्या फाटकाजवळ फुलांना पाणी घालण्यासाठी नळ असतो आणि ‘पिण्यायोग्य नाही’ अशी पाटी नसेल तर तो बहुधा गावच्याच नळयोजनेचा असतो. इथले सगळे सायकलवाले बाटल्या तिथेच भरतात. दफनभूमी चर्चला लागून किंवा गावाबाहेर पहिल्याच वळणावर असते, त्यामुळे तहान आणि इतिहास यांची सोय एकाच थांब्यात होते.

मार्सिन्यीहून सम्यूर-आं-ब्रिओनेचा चढ हा दिवसातला पहिला खरा चढ. ह्यूगचे गाव ते हेच. त्याच्या घराण्याच्या किल्ल्याचा चौकोनी बुरूज अजून उभा आहे. चर्च संत इलेरचे, म्हणजे चौथ्या शतकात प्वातिएचा बिशप असलेल्या हिलरीचे. आत पश्चिमेच्या भिंतीतून एक अर्धगोल सज्जा पुढे आलेला आहे, तो क्लुनीच्या मोठ्या चर्चमधल्या तशाच सज्ज्यावरून घेतलेला. पण मी पाहुण्यांना घेऊन जाते ते दारावरच्या पट्टीसाठी. मध्ययुगीन दंतकथा अशी की पाखंडी बिशपांच्या सभेला इलेर गेला तेव्हा त्याला कुणी जागा दिली नाही, म्हणून तो जमिनीवर बसला, तर जमीनच वर उचलली गेली आणि तो सर्वांच्या बरोबरीला आला. सभेचा पाठीराखा लिओ नावाचा पोप त्याच्यावर गुरगुरत शौचाला गेला आणि तिथेच पोटाच्या विकाराने मेला. हे सगळे दारावर कोरले आहे. त्या बिचाऱ्या पोपाची शौचकूपावरची शेवटची घटका, त्याचा जीव न्यायला टपलेले भूत, काहीच सोडलेले नाही. इलेरच्या काळात लिओ नावाचा पोप झालाच नव्हता. पण पाथरवटाला आणि गावकऱ्यांना त्याच्याशी काय देणेघेणे? रविवारी दारातून आत जाताना प्रत्येकाने ते पाहिले असेल आणि लहान मुलांनी नक्कीच हसून घेतले असेल. आपल्याकडे मध्ययुगातल्या धर्माविषयी बोलताना जो गंभीर चेहरा करण्याची पद्धत आहे, तो सम्यूरच्या दारात फार वेळ टिकत नाही.

पायांत बळ असेल तर इथून इगरांदला जाऊन यावे. ल्वारच्या खोऱ्यावर उभे असलेले तिथले अकराव्या शतकातले चर्च जवळजवळ निरलंकार आहे. एका स्तंभशीर्षावर मात्र एकाच डोळ्याचा एक राक्षस बासरीसारखे वाद्य वाजवत बसला आहे. तो तिथे का आहे ते विचारू नये.

सें-ज्युलियँ-द-जोंझीला मी नेहमी जास्त वेळ थांबते. इथलाही दरवाजाचा माथा एकाच दगडाचा, वर प्रभावळीतला ख्रिस्त आणि दोन देवदूत. खालच्या पट्टीत येशूचे शिष्यांसोबतचे शेवटचे भोजन आहे. लांब टेबल, त्यावर अंथरलेले कापड, आणि त्याच्या समोरच्या कडेने पडलेल्या चुण्या. या चुण्या बघत राहाव्यात अशा आहेत. एकीची घडी दुसरीवर कशी पडते, कापड कुठे ताणले आहे, कुठे सैल सुटले आहे, हे सगळे वाळूच्या दगडात इतक्या नेमकेपणाने उतरले आहे की हात लावून पाहिल्याशिवाय राहवत नाही, आणि हात लावू नये हे ठाऊक असते. पट्टीच्या टोकाला येशू शिष्याचे पाय धुतो आहे. आता वर बघा: टेबलामागे बसलेल्या शिष्यांना डोकी नाहीत. क्रांतीच्या काळात कुणीतरी शिडी लावून, हातोडा घेऊन, एकेकाचे डोके उडवले. ते काम मन लावून केलेले दिसते, कारण चुण्यांना फारसा धक्का लागलेला नाही. हातोडा चालवणारा माणूसही कदाचित गावचाच असेल, चांगल्या कापडाची किंमत जाणणारा. पण हे झाले माझे कल्पनारंजन.

त्या हातोड्यानंतरच्या शतकात मन बदलले. १८३४ पासून ऐतिहासिक वास्तूंचा मुख्य निरीक्षक असलेला प्रोस्पेर मेरिमे देशभर फिरला आणि १८४० मध्ये संरक्षित वास्तूंची पहिली यादी झाली. पण आजही ही दारे उघडी का असतात, छपरे शाबूत का असतात, याचे कारण वेगळे आहे आणि ते मला इथे आल्यावर कळले. ९ डिसेंबर १९०५ च्या कायद्याने फ्रान्समध्ये धर्म आणि शासन वेगळे झाले. चर्चच्या इमारती ताब्यात घेण्यासाठी कॅथलिकांनी संस्था नोंदवाव्यात अशी कायद्याची अपेक्षा होती. पोप दहाव्या पायसने त्याला मनाई केली. परिणाम असा झाला की खेड्यांतली जुनी चर्चेस कम्यूनच्याच मालकीची राहिली आणि कॅथलिकांना ती पूजेसाठी विनामूल्य वापरायला मिळाली. आजही तेच चालू आहे. म्हणजे गावचा मेअर कट्टर नास्तिक असला तरी चर्चचे छप्पर गळायला लागल्यावर ती कटकट त्याचीच. एकेका पाद्रीकडे आता वीस-वीस गावे असतात, त्यामुळे पुष्कळ चर्चेसमध्ये प्रार्थना महिन्या-दोन महिन्यांतून एखादीच होते, पण गवंडी कम्यूनलाच बोलवावा लागतो.

म्हणजे एकाच ग्रामपंचायतीच्या वहीत, एकाच छोट्याशा अंदाजपत्रकात, मी ज्यावरून सायकल चालवते तो रस्ता आणि जिथे थांबते ते चर्च, हे दोन्ही खर्च शेजारी-शेजारी लिहिलेले असतात. काहीशे माणसांचे गाव ते भरते. त्या रस्त्यावरून जाणाऱ्यांत गावकरी थोडे, चर्चमध्ये जाणाऱ्यांत त्याहून थोडे. शहरातून आलेल्या माझ्यासारखीला दोन्ही फुकट मिळते, आणि मी तिथे एक कॉफी आणि एक पाव एवढाच काय तो खर्च करून संध्याकाळच्या गाडीने परतते. हा हिशेब मला थोडा टोचतो, म्हणून छपरासाठी डबा ठेवलेला दिसला तर त्यात काही टाकते आणि जेवायचे असेल तर गावातल्याच खाणावळीत जेवते.

इथे एक गोष्ट हिरव्या वाटेच्या चाहत्यांसाठी. याच जिल्ह्यात १९९७ मध्ये जिव्री ते क्लुनी या बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर फ्रान्समधली पहिली ‘व्हुआ व्हेर्त’, म्हणजे मोटारींना बंदी असलेली सायकलवाट, सुरू झाली. ती उत्तम आहे, मुलाबाळांसह जायला तर फारच. पण रेल्वेला चढ नको असतो, म्हणून रूळ दरीतून गेले, आणि रोमनेस्क चर्चेस दरीत क्वचितच असतात. त्या वाटेवरून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर जाऊनही मनोरे लांबूनच दिसतात. शापेझसारखे सुंदर चर्च पाहायचे तर वाट सोडून आत वळावे लागते. ब्रिओनेतही मार्सिन्यीच्या बाजूला जुन्या रुळांवर अशी वाट झाली आहे. दमलेल्या पायांनी परत जाताना मी तिचा आनंदाने उपयोग करते, पण जाताना नाही.

पाहुण्यांपैकी जे जातिवंत सायकलवाले असतात ते हमखास विचारतात की सायकलवाल्यांचे म्हणून एक चर्च फ्रान्समध्ये आहे ना. आहे, पण ते फार दूर, नैर्ऋत्येला लाबास्तीद-दार्मान्याक गावाजवळ. एका पाद्रीच्या खटपटीने १९५९ मध्ये ते जुने प्रार्थनाघर सायकलस्वारांच्या मेरीला वाहिले गेले, आणि आत भिंतींवर शर्यतवाल्यांचे जर्सी टांगले आहेत. त्याची चौकशी अनेकदा पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस करून आलेली मंडळी करतात. १८९१ पासूनची ही बाराशे किलोमीटरची फेरी दर चार वर्षांनी होते, आणि २०१९ व २०२३ मध्ये भारतातूनही मोठ्या संख्येने सायकलस्वार तिला आले. त्यांत महाराष्ट्रातलेही होते. नव्वद तासांच्या आत पोहोचायचे असल्याने त्यांना चर्चेस दिसतात ती रात्री, गावावरून जाताना दिव्याच्या उजेडात एखादा कोपरा, किंवा बाहेरचा एक बाक, ज्यावर वीस मिनिटे झोप काढता येते. अशांना ब्रिओनेला आणले की पहिल्या दोन गावांत ते घड्याळ बघतात. तिसऱ्या गावापासून बघत नाहीत, कारण घड्याळ मनोऱ्यातच असते आणि ते तासाचे ठोके दोनदा देते: एकदा वेळेवर, आणि दोनेक मिनिटांनी पुन्हा, शेतात काम करताना ज्याचे मोजायचे राहून गेले त्याच्यासाठी.

चर्चमध्ये शिरताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. दारावर बहुधा हाताने लिहिलेली चिठ्ठी असते की दार ओढून घ्या, पाखरे आत येतात. आणि दिवा लावायचे बटण दाराजवळ शोधावे. ते दाबले की ठरावीक मिनिटे उजेड राहतो आणि मग तुम्ही स्तंभशीर्षाच्या अगदी गुंतागुंतीच्या भागाकडे मान वर करून पाहत असताना खट्कन अंधार होतो. दार बंद असेल तर किल्ली मेअरच्या कचेरीत किंवा समोरच्या घरात असते. एका गावात समोरच्या आजींनी किल्ली देताना माझ्या बुटांकडे पाहिले आणि म्हणाल्या, “मादाम, फरशी आठशे वर्षांची आहे, तुमच्या बुटांखालचे ते लोखंड काढून जा.” मी मोज्यांवर आत गेले. फरशी बर्फासारखी गार होती.

परतीच्या वाटेवर सें-क्रिस्तोफ-आं-ब्रिओने लागते. तिथला गुरांचा बाजार १४८८ च्या सनदेपासून चालत आला आहे आणि अजून दर आठवड्याला भरतो. बाजाराच्या दिवशी पांढरे रस्तेसुद्धा गुरांच्या गाड्यांनी भरून जातात, म्हणून तो दिवस सायकलने टाळावा किंवा मुद्दाम साधावा, मधले काही करू नये. त्याच्या पुढे वारेन-लार्कोंस, दणकट चौकोनी मनोऱ्याचे, सोनेरी वाळूच्या दगडाचे. मागच्या उन्हाळ्यात त्या वाटेवरच्या एका गावी कम्यूनचा कामगार चर्चच्या दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालत होता. गवत कापायचे यंत्र त्याने भिंतीला टेकवून ठेवले होते आणि गाडीत मागे रस्त्यावरचे खड्डे बुजवायचे डांबर होते. हा सगळा मुलूख तो एकटाच सांभाळतो असे त्याने सांगितले. मग माझे अरुंद टायर पाहून त्याने हात हलवला. पुढच्या आठवड्यात जिल्ह्याची गाडी येणार आहे, पारेकडच्या रस्त्यावर डांबर फवारून वर खडी पसरणार आहे, आणि ती बसायला निदान पंधरा दिवस लागतील. तोवर या बाजूने फिरकू नका, बुआ-सेंत-मारीकडून जा, तिकडे चढ जास्त आहे पण खडी गेल्याच वर्षी टाकून झाली आहे, आणि चर्चची किल्ली मागावी लागत नाही. पुढच्या वेळी मी त्याच बाजूने गेले.